खटक्याआडचा लाल ठिपका

आबा, धाकट्याला पिस्तुलाचं लायसन मिळालं. तुम्ही गेलात तेव्हा तो पाळण्यात होता. आता त्याची मुलगी चालायला लागली आहे. घोटावड्याकडच्या आपल्या जमिनीत लोक न विचारता खांब रोवून जातात, आणि उन्हाळ्यात एकदा माले गावाच्या वळणावर त्याची गाडी अडवली. म्हणून त्याने अर्ज केला होता. परवा तो मला पुण्यातल्या दुकानात घेऊन गेला. दुकानदाराने काचेवर दोन पिस्तुलं ठेवली. एकाला बाजूला सेफ्टीचा खटका होता, तुमच्या पिस्तुलाला होता तसाच, अंगठ्याने वर-खाली होणारा. दुसऱ्याची बाजू सपाट होती. "हल्ली हेच घेतात," दुकानदार सपाट पिस्तुलाकडे बोट दाखवून म्हणाला. "सेफ्टी सगळी आत. हातातून पडलं तरी उडणार नाही. चाप ओढला तरच." चुकून ओढला तर, असं मी विचारलं. तो हसला. "मॅडम, चापावर बोट न्यायचंच नाही. बाहेर खटका असला की माणूस खटक्याच्या भरवशावर राहतो." धाकट्याला हे पटलं नाही. घरात लहान पोर आहे, खटका असलेला बरा, असं त्याचं म्हणणं. मग तो माझ्याकडे वळला. "ताई, तूच सांग. तू व्हतीस तितं." मी शनिवारपर्यंत वेळ मागून घेतला.

तुम्ही पिस्तूल घरी आणलंत तो दिवस मला आठवतो. आई चुलीपुढे होती. तुम्ही मला जवळ बसवलंत आणि खटका खाली केलात. त्याच्या आडून एक लाल ठिपका बाहेर आला. "ह्ये लाल दिसतंय न्हवं? म्हंजी जागं हाय." खटका वर केलात, ठिपका झाकला गेला. "आता झोपलं." मग मला करायला लावलंत. जागं, झोपलं. जागं, झोपलं. आई न वळता म्हणाली, "माझ्या लाटण्याला खटका न्हाई, तेवढं ध्यानात ठिवा." तुम्ही इतके हसलात की डोळ्यांत पाणी आलं. पुढे जमिनीचे एजंट ओटीवर येऊन बसले की तुम्ही बोलता बोलता सदऱ्याखालून खटका वर-खाली करायचात, दुसरा कोणी अडकित्ता हलवत बसावा तसे. निवडणूक आली की पिस्तूल पौडच्या चौकीत जमा करावं लागे. त्या दिवसांत तुमचा हात कमरेकडे जाई आणि काही न घेता परत येई.

खंडेनवमीला तुम्ही पाट मांडायचात. कोयते, विळे, कुऱ्हाड, पहार, आणि मध्ये पिस्तूल. पहिल्या वर्षी मामा म्हणाले, "दाजी, गोळ्या काढून ठिवा की." तुम्हाला ते रुचलं नाही. "रिकामं हत्यार पुजत्यात व्हय? बोथट कोयता पाटावर ठिवतो का आपण? धार लावूनच ठिवतो ना?" मलाही ते बरोबर वाटलं होतं; आपल्या घरात सगळ्यांनाच वाटलं. कोयत्यांना धार लावली जायची आणि पिस्तूल भरलं जायचं. खटका वर होता. झोपलेलं होतं. त्यावर हळद-कुंकू वाहिलं जायचं आणि झेंडूची माळ घातली जायची.

त्या दसऱ्याला सकाळी आई पुरणपोळ्या करते आहे. तुम्हाला पौडला जायचं आहे. पाटावरून पिस्तूल उचलता, माळ ओढून काढता. दोरा कुठेतरी अडकतो, तुम्ही हिसका देता. मग पिस्तूल उजेडात धरता आणि मला म्हणता, "आगं, हितं कुंकू ऱ्हायलंय." मी दारातून बघते. लाल दिसतं. मलाही कुंकूच वाटतं. कालच तर वाहिलेलं. तुम्ही खांद्यावरच्या टॉवेलाचं टोक थुंकीने ओलं करून घासता. "निघंना की." पुन्हा घासता, जोर लावून, पिस्तूल धरलेल्या हाताची मूठ आवळून.

गोळी मांडीत लागली. जीपमध्ये आई तुमचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तुम्ही तिला विचारलंत, "तव्यावरची पोळी काढलीस का?" ती म्हणाली, "काढली." पौड येण्याआधी तुम्ही गेलात. घरी परतलो तेव्हा तव्यावर पोळीचा कोळसा झाला होता. आईने तो तवा पुन्हा वापरला नाही आणि टाकलाही नाही. त्या वर्षापासून आपल्या घरी खंडेनवमीला हत्यारांना नुसती हळद लागते. का, ते कोणी विचारत नाही.

इतकी वर्षं मी त्या खटक्यापाशी परत परत जाते. दोऱ्याने तो खाली आला, की कुंकू वाहताना तुमच्याच बोटाने, की पूजेच्या आदल्या रात्री कोणाशी बोलताना चाळा करता करता तुम्ही तो शेवटी 'जागं'वरच सोडलात? हे कोणालाच कळणार नाही. खटका नसता तरी गोळी सुटलीच असती, हेही मला समजतं. बोट चापावर होतं. पण खटका नसता तर तुम्ही भरलेलं पिस्तूल पाटावर ठेवलं असतं का? मामांचं ऐकलं असतं का? मला वाटतं, ऐकलं असतं. तुम्ही भित्रे नव्हता, पण गाफीलही नव्हता. जे झोपतच नाही त्याला तुम्ही माळ घातली नसती. उलटही म्हणता येतं. धाकट्याची मुलगी हाताला लागेल ते ओढते, आणि खटका वर असेल तर तेवढी एक आडकाठी राहते. या दोन्हींच्या मध्ये मी शुक्रवारपर्यंत पोचले आहे. आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. "आणायचं तर आण म्हनावं," ती म्हणाली. "पाटावर यायचं न्हाई."

उद्या मी धाकट्याला सपाट असलेलं घ्यायला सांगणार आहे. घराच्या उंबऱ्याबाहेर रिकामं करायचं, गोळ्या एकीकडे आणि पिस्तूल दुसरीकडे, दोन्हींना कुलूप. भरवसा ठेवायला खटकाच नसला की तो हे सगळं न चुकता करील, असं सांगेन. दुकानदाराने सांगितलेलंही सांगेन. तो वाद घालील आणि शेवटी ऐकेल, कारण मी तिथे होते.

हे तुमच्यापर्यंत जायचं नाही, म्हणून लिहिते. दुकानात मी दोन्ही पिस्तुलं हातात घेतली होती. खटका असलेलं मी लगेच खाली ठेवलं. सपाट असलेलं उजेडात धरून सगळ्या बाजूंनी फिरवलं, दुकानदाराला वाटावं की मला त्यातलं कळतं. त्यावर कुठेही लाल नव्हतं. माझं मत तिथेच झालं होतं. बाकीची कारणं मी घरी येऊन शोधली.