रिळावर चिकटलेली तार

मी, वय चौऱ्याहत्तर, धंदा मोटारींचं वाइंडिंग, शाळा पाचवीपर्यंत आणि पुढचं सगळं हातानं शिकलेलं, हे मृत्युपत्र शुद्धीवर राहून, कोणाच्या दडपणाशिवाय लिहितो आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. आत्ता लिहायला बसलो ते वयानं नाही. गेल्या मंगळवारी जे पाहिलं त्यानं.

१. राहतं घर व बँकेतली ठेव बायकोची. माझ्या कुरकुरीसह तिनं संसार केला, तिच्यापुढे कोणी हक्क सांगू नये.

२. वाइंडिंगचं मशीन व हत्यारं मुलीला. ती प्रयोगशाळेत मोठी इंजिनियर आहे, तरी तार हातात धरायला लाजत नाही.

३. शेजारच्या टेलरमास्तरांनी नेलेली शिडी मी त्यांना आधीच देऊन टाकली आहे, ती या मृत्युपत्रात धरू नये. मागून मागून माझा घसा बसला.

४. हे कलम मालमत्तेचं नाही, पण लिहिल्याशिवाय मला मरता येणार नाही.

सूर्याकडून बारीक कणांचा वारा सतत सुटलेला असतो. अवकाशात त्या वाऱ्यात विजेची लांब तार ताणून धरली, की ती कण ओढून घेते आणि त्यातून वीज काढता येते. मुलीच्या प्रयोगशाळेच्या अशा पहिल्या यानासाठी एक किलोमीटर तार मी गुंडाळली. रीळ माझ्या धाकट्या भावानं लेथवर कातलं. वर गेल्यावर तार दोनशे मीटर सुटली आणि अडकली. चौकशीत मला विचारलं, तेव्हा मी बोलून गेलो, "रिळाला धार राहिली असेल." त्याचं काम गेलं. मीही अकरा वर्षं त्याच्याशी बोललो नाही.

मंगळवारी दुसरं यान त्या पहिल्या यानाजवळून गेलं. त्यानं काढलेला फोटो मुलीनं मोठा करून दाखवला. रीळ आरशासारखं स्वच्छ. तारेचे वेढे मात्र मेणानं एकमेकांना चिकटलेले. तारेला काही लावू नका, असं मला बजावलं होतं. पण आम्ही वाइंडिंगवाले तार सरसर जावी म्हणून अंगठ्याला मेण लावतो. मी हातमोज्यावरून लावलं. हाताची सवय, सांगायचंही सुचलं नाही. उन्हात ते वितळलं, सावलीत घट्ट झालं. मी खुर्चीवर बसलो ते संध्याकाळपर्यंत उठलो नाही.

काल भावाकडे जाऊन सगळं सांगितलं. तो शिव्या देईल अशी तयारी होती. तो म्हणाला, "दादा, अकरा वर्षं मी ते रीळ मनात फिरवून बघतोय. धार कुठे राहिली ते सापडेना."

म्हणजे त्यालाही ते खरंच वाटत होतं. हे मला फोटोपेक्षा जास्त लागलं.

चूक माझी होती, असं पत्र प्रयोगशाळेला आजच दिलं आहे.

५. मागचा कारखाना, लेथसह, ~~धाकट्या भावाला~~ मुलीला.

खाडाखोडीचा खुलासा: ज्याला मिळतं त्याची साक्ष चालत नाही, असं वकीलबाईंनी सांगितलं. भावानं चौथं कलम दोनदा वाचलं आणि म्हणाला, "कारखाना नको. याच्याखाली माझी सही पाहिजे."

स्थळ: आमच्या घरची मधली खोली
दिनांक: नऊ मार्च, सोमवार

लिहून देणार: (सही) वाइंडिंगवाला

साक्षीदार:
१. (सही) टेलरमास्तर, शेजारी
२. (सही) लेथवाला, सख्खा धाकटा भाऊ