मागच्या खोलीतलं यार्ड

१२ जून

चि. सौ. छबी हिस आईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. जावयांनी दुसरा संसार थाटल्यावर तू तिथे परक्यासारखं राहू नयेस, हे मलाही पटतं. कायमची घरी ये असं लिहायला बसले होते, पण तुला अंधारात ठेवणं देवाला आवडायचं नाही. तुझी खोली गेली.

बाबांची ती खेळण्यातली आगगाडी निवृत्तीनंतर बैठकभर पसरली, हे तुला ठाऊकच आहे. आता म्हणतात, खरी गाडी कुठून तरी येते, कुठे तरी जाते. नुसती गोल फिरते ते खेळणं. म्हणून गाड्यांना नजरेआड उभं राहायला यार्ड हवं. भिंतीला वीतभर भोक पाडून पलीकडे तुझ्या खोलीत सहा रुळांचं टेबल ठोकलं. तुझ्या कॉटच्या फळ्या त्यालाच लागल्या. लाकूड वाया गेलं नाही, म्हणून मी गप्प बसले. काटकसरीने माझी अक्कल खाल्ली.

एवढा आराखडा काढला, पण मधे हात पोचायला वाट ठेवली नाही. गाडी घसरली की टेबलाखालून रांगत जायचं. त्यांचे गुडघे वळत नाहीत, तेव्हा रांगते मी. शेजारीण विचारत होती, डोक्यात ही कोळिष्टकं कसली. म्हटलं, मी रेल्वेत लागले.

तू येणार म्हणून सांगितलं, तर म्हणाले, येऊ दे की चार दिवस, बैठकीत गादी घालू. बैठकीत गादीएवढी जागा कुठे उरली आहे, ते बोलले नाहीत.

काय ते कळव. माया आहेच, तीत खंड नको.
तुझी आई

१९ जून

ती. सौ. आईस शि. सा. न.

तू रेल्वेत लागलीस हे वाचून हसले, मग हसू टिकलं नाही.

बाबांना एकच गोष्ट विचार. मी नऊ वर्षांची असताना त्यांनी जिन्याखाली पहिलं यार्ड आखलं, तेव्हा खडू माझ्या हातात होता. गाड्या तीन असून त्यांनी मला रूळ चार काढायला लावले. चौथा उगीच म्हणून मी पुसला, तर रागावले. म्हणाले, एक रूळ नेहमी रिकामा ठेवायचा. कुठली गाडी कधी परत येईल सांगता येत नाही. आली तर ती बाहेर ताटकळू नये.

आता रूळ सहा. गाड्या किती? एक रूळ जरी मोकळा असेल, तर मी टेबलाखाली अंथरूण घालूनही राहीन. महिनाअखेर इथली जागा सोडायची आहे. आणि पाकिटावर सौ. लिहू नकोस, इथला पोस्टमनही आता चपापतो.

तुझ्या गुडघ्यांना जप. लोभ आहे तसाच राहू दे.
छबी

२६ जून

चि. छबी हिस आशीर्वाद.

तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. गाड्या सात आहेत, मी स्वतः मोजल्या. रिकाम्या रुळाचं त्यांना आठवत होतं. पण म्हणाले, तो नियम नवशिक्यांचा. एक गाडी कायम बाहेर फिरतीच असते, तिच्यासाठी जागा कशाला अडवायची.

ते गाडीबद्दलच बोलत होते. तुझ्याबद्दल बोलले असते, तर मी भांडले तरी असते.

चौतीस वर्षं उलट शब्द काढला नाही, हे मी पुण्य समजत होते. आज देवापुढे बसले, तर ते पुण्य त्याच्याही उपयोगाचं दिसेना.

तू दोघींपुरती एक खोली बघ. खिडकी लहान असली तरी चालेल, देवांना कोनाडा हवा. स्वयंपाक माझ्याकडे. तुझ्याकडे निघाले असं त्यांना सांगितलं, तर विचारतात, चार दिवसच ना.

कळावे. आता माया पत्रातून नको, समोरासमोर.
तुझी आई

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी मागे गाडी घसरल्याचा आवाज आला. त्यांनी मला तीन हाका मारल्या. मी पेटी भरत होते, ती भरत राहिले.