शिळ्या ताडीचा पाव

१ जानेवारी २००२, मंगळवार
चोर! माईक हातात घेऊन चोरी!

काल सोसायटीच्या कार्यक्रमात माझा सुकेळ्यांचा पाव ठेवला होता. राजेळी केळी सोलून गच्चीवर आठ दिवस उन्हात, रोज स्वतः उलटलेली. पीठ ताडीवर फुगवलेलं — यीस्टचा कणही नाही. एकोणीस वेळा फसून विसाव्यांदा जमलं. कुणी शिकवलं नाही.

आणि आमचे सेक्रेटरी श्रीरंग म्हणतात, "हा पाव आमच्या लतिकाचा!" टाळ्या. लतिका, म्हणजे त्यांची बायको, चपलेकडे बघत उभी. मी उठलो, तर म्हणे, "बसा हो आत्माराम, पुरुषमाणसाला कशाला हवं स्वयंपाकाचं कौतुक?" सगळे हसले. माझी बायको शकूसुद्धा!

३ जानेवारी, गुरुवार
शकू म्हणते, "सोडा ना आता. पावच तर आहे."
पावच तर आहे!!

१० जानेवारी, गुरुवार
श्रीरंग स्वतः दारात. लाज कोळून प्यायलेला माणूस.

"रविवारी आमच्या उन्नतीला बघायला येतायत. डोंबिवलीचे. मुलगा इंजिनियर, घर माळकरी. आमची मुलगी घरी पाव भाजते असं सांगून बसलोय. कृती द्या की लिहून." मग हळूच, "ताडी घातलेली कळत नाही ना?"

म्हटलं, "भाजल्यावर वास उडून जातो."

उडतो — ताडी ताजी असेल तर. पहाटे उतरवलेली, फेस धरला की दोन तासांत पिठात गेली पाहिजे. मी कागदावर लिहिलं: दीड दिवस झाकून ठेवावी. बाकी मापं ग्रॅममध्ये, वळणदार अक्षरात. सात ओळी, सहा खऱ्या. दीड दिवसाची ताडी म्हणजे आंबट ढाण. पाव बसणार, आणि सुरी लावली की गुत्त्याचा भपकारा — माळकऱ्यांच्या नाकात!

गास गावच्या ताडीवाल्या बळीरामचा पत्ताही दिला. ताडी त्याच्याचकडची घ्या म्हटलं. उगाच कमी पडायला नको.

१२ जानेवारी, शनिवार
उन्नती जिन्यात भेटली. "काका, ताडी कालपासून आंबतेय. नक्की एवढी ठेवायची?"

चष्म्यातून सरळ बघत होती. खरं सांगणार होतो. मग माईक आठवला. "लिहिलंय तसंच कर."

जेवण गेलं नाही. पण वर जाऊन सांगितलंही नाही.

१३ जानेवारी, रविवार
चार वाजता आले. चार पस्तीसला उतरले!

मी गॅलरीत. जिन्यातून मुलाच्या बापाचा आवाज — "तुमच्याकडे पितात हे आधी सांगायचं होतंत!" मागून श्रीरंग, एका पायात चप्पल — "अहो, केळ्यांचा पाव आहे हो तो!" गाडी गेली. हा तसाच गेटशी उभा.

शकूला म्हटलं, अजून एक कप चहा टाक. आलं घालून.

१४ जानेवारी, सोमवार
श्रीरंग खालमानेने जिना चढत होता. मुद्दाम थांबवला. हातावर तिळगूळ ठेवला. गोड बोला म्हटलं!

१५ जानेवारी, मंगळवार
लतिका दुपारी शकूकडे येऊन रडून गेली. "दारुड्यांचं घर म्हणून नाव झालं हो. आता माझ्या पोरीला कोण विचारणार?"
मी आतल्या खोलीत होतो. पेपर उलटा धरलाय हे उशिरा कळलं.

१७ जानेवारी, गुरुवार
आज काही भाजलं नाही.

२० जानेवारी, रविवार
उन्नती आली. हातात डबा. शकू देवळात गेलेली.

"काका, ताडी आणली त्या शुक्रवारीच थोड्या ताज्या ताडीचा करून बघितला होता मी. मस्त फुगला. तेव्हाच कळलं तुम्ही काय लिहिलंत ते. आणि का, तेही."

मी खुर्ची पुढे केली. बसली नाही.

"तरी त्यांच्यासाठी चिठ्ठीतलाच केला. मला ते स्थळ नकोच होतं. बाबांना 'नाही' सांगून सांगून थकले होते. तुमची चिठ्ठी फाडून टाकलीय." डबा ठेवला आणि गेली.

पाव कापला. जाळी एकसारखी, तळ कुठेही करपलेला नाही. माझ्यापेक्षा चांगला आहे.

हे शेवटचं वाक्य लिहायला अर्धा तास लागला.