सॅक्सोफोन समजून घालवलेली वीस मिनिटं

सुमेधा,

तू भाजीला गेलीस आणि मोबाइल फ्रिजवरच विसरलीस, म्हणून ही चिठ्ठी. देवयानीला कळा सुरू झाल्यात. खाली रिक्षा थांबलीये, तिला घेऊन हॉस्पिटलला निघतोय. तू थेट तिकडेच ये.

ती सांगण्याआधी मीच सांगतो. साकेतने गर्भसंस्कारासाठी दिलेला जॅझचा अल्बम ती माहेरी आल्यापासून या दोन खोल्यांत दोन महिने सकाळ-संध्याकाळ ऐकून माझी खात्री झालीये, की ते एक बाळंतपणच आहे. ड्रम म्हणजे कळा, ट्रम्पेट म्हणजे 'जोर लाव' म्हणून ओरडणारी नर्स, सॅक्सोफोन म्हणजे बाळंतीण, आणि कोपऱ्यात तेच चार सूर घोळवणारा डबल बास म्हणजे नवरा. चाळीस मिनिटं होतात, बाळ काही येत नाही.

आज आतून विव्हळणं ऐकू आलं, तेव्हा मी सॅक्सोफोन समजून वीस मिनिटं पेपर वाचत बसलो. शेवटी तिनेच दार उघडलं. "बाबा, आज मी काही लावलेलं नाहीये!"

तेव्हापासून माझ्यावर चिडलीये. स्पीकर मात्र बॅगेत भरायला लावलाय.

साकेत घोडबंदर रोडला ट्रॅफिकमध्ये अडकलाय. म्हणजे डबल बासच्या जागी मी. मला ते चार सूरही येत नाहीत गं. लवकर ये.

सुधीर