मांडवाबाहेरची खुर्ची

॥ श्री ॥

दिघाशी
४ डिसेंबर २०२४

चि. सौ. मेघालीस तुळजाआत्याचे अनेक आशीर्वाद.

मी बरी हाय. गुडघं कुरकुरतात, पन गळा अजून माजं ऐकतो. सूनबाई देवकी लिवतेय, मी पाटावर बसून सांगतेय. तिला बजावलंय, तोंडातनं निंगल तसं उतरव, शाळेतलं नको. फोनवर मना अर्धं ऐकू येत न्हाय, आनि ऐकू आलं तरी ते वाऱ्यावर जातं. कागद कसा, उशाखाली ठेवता येतो.

तू इचारलंस, आत्या, तू धवलारीण कवा झालीस. तुज्या त्या ब्लॉगवर वाचनाऱ्या बायांना आदी सांग, धवळे म्हंजे लग्नात म्हनायची गानी, आनि ती म्हननारी ती धवलारीण. ती मांडवात बसल्याबिगर आमच्यात हळद लागत न्हाय. माजी सासू धवलारीण व्हती. तुजा आतोबा गेला तवा मी एकोनतीस वर्सांची. दुसऱ्या साली शेजारच्या पोरीचं लगीन निंगलं. मी आपली गोठ्याच्या मागं जाऊन बसले, माजं तोंड कुनाला दिसू नये म्हनून. सासू हळदीतनं उठली, गोठ्यामागं आली आनि हात धरून मना मांडवात घेऊन गेली. सगळ्यांसमोर बोलली, धवळ्याला कुकू लागत न्हाय, गळा लागतो. त्या दिशी मी पयला धवळा म्हनले. तवापासून तीन गावांच्या पोरींना ह्याच हातानं हळद लावलीय.

आता वैशाखात कुमारचं लगीन. तुज्या सख्ख्या भावाचा, माज्या भावाच्या पोराचा मांडव. तिथं म्हनायचं आनि मंग गळ्याला सुट्टी. तेवढ्यासाठी तर गोळ्या गिळते.

देवकी म्हनते हात दुखला. माया मागून घ्यायची नसते, ती हाय.

तुजी
तुळजाआत्या

ता. क. हात दुखला असे मी म्हटलेले नाही, चहा ठेवायचाय एवढेच म्हटले होते. बाकी अक्षर न अक्षर आत्यांचे. — देवकी

॥ श्री ॥

कोन
२० डिसेंबर २०२४

ती. आत्यास मेघालीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझा कागद मिळाला आणि त्याच दिवशी जसाच्या तसा ब्लॉगवर चढवला. सहा वर्षं ‘तुळजाआत्याची चिठ्ठी’ चालवतेय, पण असं कधी झालं नव्हतं. गोठ्यामागची गोष्ट वाचून नागपूरच्या एका बाईंनी लिहिलं, की नवरा गेल्यापासून त्या एकाही हळदीला गेल्या नव्हत्या, परवा पुतणीच्या हळदीला गेल्या. हे वाचून मी ओट्याशी उभी राहून रडले. शेजारच्या भाभी धावत आल्या, क्या हुआ, क्या हुआ म्हणून. त्यांना सांगितलं, कांदा चिरत होते. हातात कांदा नव्हता, विळी पण नव्हती.

दुसरी बातमी त्याहून मोठी. लग्नाच्या साड्या, दागिने वगैरे दाखवणारी एक मोठी वेबसाइट आहे. तिथल्या संपादक मृणालीताई म्हणाल्या, तुमची चिठ्ठी आमच्याकडे दर पंधरा दिवसांनी येऊ दे. आपला ब्लॉग, त्यांच्या पानावर! सासूबाई आजवर याला मेघालीचा चाळा म्हणत. परवा त्यांनी स्वतःहून पाहुण्यांना सांगितलं, आमची सून लेखिका आहे. नवरोबाही मागे नाहीत, धनेशने त्याच्या गोदामातल्या सगळ्यांना दाखवलं. ट्रक ड्रायव्हरसुद्धा सुटले नाहीत.

मृणालीताईंचं एकच म्हणणं आहे, भाषा सगळ्यांना कळेल अशी थोडी साफ करा, आणि मजकूर प्रसन्न ठेवा. मी हो म्हटलंय. तूही जरा मांडवातल्या रीती, नियम असं काही सांगशील का? आणि कुमार विचारतोय, त्याच्या हळदीला धवळे किती वेळ चालणार. त्याला म्हटलं, आत्या थांबेल तेव्हा.

गोळ्या घे. गळा आणि लोभ दोन्ही जप.

तुझी
मेघाली

दिघाशी
२५ जानेवारी २०२५

चि. सौ. मेघालीस देवकीवहिनीचे आशीर्वाद.

आत्यांची चिठ्ठी या वेळी नाही. बारा दिवस तापाने होत्या. आता ताप उतरला, पण माणूस पुरते वर आलेले नाही. सकाळी मला त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारतात. त्या बहिणीला जाऊन वीस वर्षे झाली. मग आपल्याच चुकीला हसतात. मी पण हसते, काय करणार.

वेबसाइटवरचे तुझे नवे पान मी यांच्या फोनवर त्यांना वाचून दाखवले. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ही बाई कोन हाय ग, चांगलं बोलते. मी हसले खरी, पण मेघाली, मला बरे वाटले नाही. मी या घरात आल्यापासून त्यांच्या तोंडून ‘मला’ ऐकलेले नाही आणि तुझ्या पानावर त्या ‘मला अत्यंत आनंद होतो’ म्हणतात. भाषेचे एक वेळ सोड. पण गोठ्यामागून सासूने हात धरून नेले, तो मजकूरच गायब आहे. ती त्यांच्या जन्माची गोष्ट आहे ग. तेवढी परत घाल. तुला मी शिकवावे असे नाही, तूच मला सांगत आलीस, वहिनी, एकही शब्द बदलू नका, नाहीतर ब्लॉग कशाला चालवायचा.

कुमारच्या लग्नाचा बस्ता कधी फाडायचा ते कळव. रागावू नको, रागावलीस तर जेवायला ये.

तुझी
देवकीवहिनी

कोन
८ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. देवकीवहिनीस नमस्कार, वि. वि.

आत्याच्या तापाचं वाचून जीव थाऱ्यावर नव्हता. रविवारी यायचं ठरवलं होतं, पण त्याच दिवशी मृणालीताईंनी मजकूर मागितला. पुढच्या रविवारी नक्की.

तुमचं म्हणणं मला लागलं, कारण ते खरं आहे. पण माझीही बाजू ऐका. मृणालीताई म्हणाल्या, पुसलेलं कुंकू आणि नवरीच्या साड्या एका पानावर बसत नाहीत. मी दोन दिवस वाद घातला. मग वाटलं, आत पाऊल पडलंय तर थोडं सोसावं. नाव झालं की गोठा परत आणीन, सगळं तिच्याच बोलीत आणीन. आत्ता हट्ट केला तर पान जाईल आणि पुन्हा मी, माझा ओटा आणि दोनशे वाचणारे.

आत्याला चिठ्ठीसाठी त्रास देऊ नका. तिला विश्रांती घेऊ दे. तिचं बोलणं माझ्या कानात इतकं मुरलंय, की एखाद्या वेळी मी तिच्या शब्दांत जुळवून घेईन. कुणाला कळणारही नाही.

तिच्या पायांवर माझं डोकं ठेवा. माझ्यावरचा लोभ पातळ होऊ देऊ नका.

तुमची
मेघाली

दिघाशी
१२ मार्च २०२५

मेघालीस,

फोन करता आला असता. तुझा आवाज ऐकायची इच्छा झाली नाही म्हणून लिहिते.

खारबावच्या किशनदादांच्या पूर्वाचे परवा लग्न होते. महिन्याआधीच नारळ-सुपारी देऊन त्यांनी आत्यांना धवळ्यांचे आमंत्रण केले होते. तापानंतरचा हा पहिला मांडव. आत्यांनी दोन दिवस गरम पाण्याच्या गुळण्या केल्या. नवे लुगडे नेसल्या. रिक्षात बसल्या बसल्या गुणगुणत होत्या.

मांडवाच्या तोंडाशी पूर्वाची आई आली, आत्यांच्या पाया पडली, आणि बाहेर एका खुर्चीवर त्यांना बसवले. खुर्चीला चादर घातली होती. मग फोन पुढे करून अगदी आदराने म्हणाली, आत्या, तुमची चिठ्ठी आम्ही सगळ्या घराने वाचलीय, तुम्हीच सांगितलंय की हळद आणि धवळा सवाष्णीच्याच हातचा आणि तोंडचा, नाहीतर नवरीच्या कुंकवाला धोका. आमच्याकडून तुमचा नियम मोडायला नको. आत स्पीकरवर कसलीतरी गाणी लागली होती. कुणी अपमान केला असता तर आत्या भांडल्या असत्या, त्या काही गप्प बसणाऱ्या नाहीत. पण मान देऊन बाहेर बसवले, मग काय बोलणार? हळद लागेपर्यंत त्या खुर्चीत बसून राहिल्या. सरबत आणून दिले ते हातातच राहिले.

परत येताना मला विचारत होत्या, देवकी, मी असं बोलले? त्यांची प्रत्येक चिठ्ठी माझ्या हाताने लिहिलेली आहे. ही मी लिहिलेली नाही. ‘मांडवातले पाच शुभ नियम’, वर आत्यांचे नाव, खाली आत्यांचा फोटो, आणि या वेळी भाषासुद्धा अस्सल, ‘मना’ आणि ‘न्हाय’ सगळे जागच्या जागी.

कोणी लिहिली ते मला माहीत आहे. तुझ्याकडून ऐकायचे आहे.

देवकी

कोन
१८ मार्च २०२५

ती. सौ. देवकीवहिनीस, पाया पडून वि. वि.

मी लिहिली. आत्याची चिठ्ठी नव्हती, मजकुराची तारीख आली होती. पाच नियमांची यादी मृणालीताईंनी पाठवली, वर म्हणाल्या, या वेळी बोली चालेल, वाचकांना अस्सल वाटायला हवं. ज्या बोलीसाठी मी भांडले होते ती अशी परत मिळाली. चौथा, सवाष्णीचा नियम वाचला तेव्हा गोठा आठवला. वहिनी, विसरले नव्हते, चांगलं आठवलं. तरी लिहिलं. म्हटलं, मुंबई-पुण्याच्या बाया मजा म्हणून वाचतील आणि सोडून देतील, यावर कोण चालणार आहे? आपल्या खारबावात माझं पान वाचतात हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि खोटं कशाला सांगू, लिहिताना रंगले होते मी. पाटावर बसलेली आत्या, तिची सासू, सगळं पेरलं. चाळीस हजार लोकांनी वाचलं. सहा वर्षांत मी खरं लिहिलेलं सगळं मिळून इतक्यांनी वाचलेलं नाही.

तुमचं पत्र आल्यावर वेबसाइटला कळवलं, हे माझं आहे, आत्याचं नाही, खुलासा छापा. त्यांनी नकार दिला, आणि पान काढायलाही नकार दिला. मी त्यांचं काम सोडलं. माझ्या जुन्या ब्लॉगवर सगळं कबूल केलं, गोठ्याची गोष्ट पुन्हा लावली. एकसष्ट जणांनी वाचली. किशनदादांना फोन केला तर ते समजावणीच्या सुरात म्हणाले, जाऊ दे पोरी, आता कशाला फिरवतेस, म्हातारी बरोबरच बोललीय.

आता लिहायला बसते आणि एक ओळ लिहिली की वाटतं, ही माझी की मी कुणाचा आवाज काढतेय? मला माझाच आवाज ओळखू येत नाही.

आत्यासमोर उभं राहायला तोंड नाही. हे पत्र तिला वाचून दाखवा, एकही शब्द गाळू नका. आणि सांगा, कुमारच्या मांडवात तूच म्हणायचं. तिथे कोण अडवतं ते मी बघते. तिने नाही म्हटलं तर मी काय करू?

लोभ मागायचा हक्क मी घालवलाय.

मेघाली

॥ श्री ॥

दिघाशी
१४ एप्रिल २०२५

चि. सौ. मेघालीस तुळजाआत्याचे अनेक आशीर्वाद.

तुजा कागद देवकीनं तीन येळा वाचला. मी ऐकला. पोरी, माजी लाज राखायला तू सगळं आपल्या डोक्यावर घेतेस, ते मना कळतं. पन माज्यापायी खोट्याचा आळ घेऊ नको.

तू सहा वर्सांची व्हतीस तवा माजी कपबशी फोडलीस, आनि कुनी इचारायच्या आदी येऊन सांगितलंस. त्या दिसापासनं तुजा शबुद मी देवाच्या शबुदासारका धरते. माजी मेघाली खोटं लिवनार न्हाय. ती पाच नियमांची चिठ्ठी मी देवकीकडनं वाचून घेतली. बोलनं माजंच हाय. पाट हाय, सासू हाय, गुडघं पन हायेत. दुसऱ्या कुनाला असं कसं येईल? मीच बोलले असन तापात, कुनीतरी तुला कळवलं असल. देवकी न्हाय म्हनते, रडते, पन ती मना जपते, तिचं काय धरायचं.

तापात मानूस मनातलं बोलतं. म्हंजे इतकी वर्सं माज्या मनात तेच व्हतं. सासूचं मी नुसतं वरवर ऐकलं. मी हळद लावलेल्या पोरींतल्या दोघी आज माज्यासारक्या कुकवाबिगर बसल्यात. आदी मी म्हनायची, नशीब. आता माज्या हाताकडं बघते आनि घास उतरत न्हाय.

कुमारच्या लग्नाला मी येनार, भावाचं घर हाय. मांडवाबाहेर एक खुर्ची ठेव, सावली बघून. चादर नको. धवळे तू म्हन, तू सवाष्ण हायेस आनि तुज्याकडं सगळं लिवलेलं हाय. गळा न्हाय म्हनू नको, लाजू नको.

एक काम कर. माज्या बाकीच्या चिठ्ठ्या नीट वाचून बघ, आनि मी आनखी कायकाय नियम सांगितलेत ते मना कळव. मना आता आठवत न्हाय. चुकून माज्या हातनं अजून कुनाचं वाईट व्हायला नको.

माया मागून घ्यायची नसते, ती हाय.

तुजी
तुळजाआत्या