दोन मुलांचा बोर्ड

आई, रविवार आहे, दुपारचे चार वाजून गेलेत. दादा पेढे आणायला गेला आहे, अण्णा ओट्यावर पाहुण्यांची वाट बघत बसले आहेत आणि मी आतल्या खोलीत इस्त्रीचा शर्ट घालून तुला लिहितो आहे. पाहुणे सुपारी फोडायला येत आहेत. ती फुटली की माझं लग्न ठरलं. माझा फोन दादाच्या खिशात आहे.

तू गेलीस तेव्हा मी बारावीत होतो. पुढे शिकणं झालं नाही. लातूरला क्लासेसच्या गल्लीत एका फ्लेक्सच्या दुकानात मजकूर जुळवतो. गुणवंतांचे फोटो, टक्के, हार्दिक अभिनंदन, वर्षभर तेच. माझ्या हातून वेलांटी चुकली तर मला जेवण जात नाही. खोलीवर माझ्याबरोबर कंधारचा एक मुलगा राहतो, वकिलीचं शिकतो. घरमालक त्याला माझा दोस्त समजतात. तू असतीस तर आधी तुला त्याच्या हातची भाकरी खाऊ घातली असती आणि मग खरं सांगितलं असतं.

पुरुषाला पुरुषाशी, बाईला बाईशी लग्न करता यावं म्हणून दिल्लीच्या कोर्टात खटला चालू आहे. त्या खटल्याला पाठिंबा द्यायला खोलीवरच्या या मुलाच्या कॉलेजातली काही पोरंपोरी कॉलेजच्या फाटकासमोर उभी राहणार होती. बोर्ड मी करून दिला. मला एकच मांडणी येते, निकालाची. शेजारीशेजारी दोन मुलांची चित्रं, वर कमान, खाली ठळक ओळ : आम्हालाही लग्नाचा हक्क हवा. एक टोक त्यानं धरलं, एक मी. तेवढ्यात खेड्याकडचे एक मामा पोरीला घेऊन थांबले.

"हे दोघंबी तुमच्याच क्लासचे का? फी किती हाय?"

पोरींना हसू आवरेना. तो मात्र अदबीनं म्हणाला, "मामा, निकाल लागायचा हाय अजून."

मामांनी खालची ओळ बोट फिरवत वाचली, परत वाचली, आणि पोरीला म्हणाले, "चल माय, यष्टी निघंल आपली." याचा कोणीतरी व्हिडिओ काढला. संध्याकाळपर्यंत तो आपल्या गावात पोचला.

दादा मला न्यायला आला. गाडीवर मागं न बघता म्हणाला, "बोर्डापेक्षा तुझं थोबाड मोठं दिसायलंय. पारावरची पोरं मला इचारतेत, वहिनी कंधारची का?"

घरी अण्णा म्हणाले, "लोकायच्या लग्नाचं भांडण तू कशाला अंगावर घ्यायलास?"

"लोकायचं न्हाई, अण्णा."

त्यांना कळलं. त्यांनी चष्मा पुसला आणि एका मुलीचा फोटो माझ्यापुढं सरकवला. मुलगी साधी आहे, कॅमेऱ्याला घाबरलेली. तिलाही कोणी विचारलं नसेल.

भूकंपात दादाची आई गेली आणि पत्र्याच्या शेडमध्ये तुझं अण्णांशी लग्न लागलं. तुझ्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी तिची प्रतिमा कोरलेला चांदीचा टाक होता. नवी साडी आली की तू आधी ती टाकाला लावायचीस. म्हणायचीस, "बाई, तू नेस आधी." मेलेल्या बाईसकट तिघांचा संसार या गावानं मान्य केला, त्याला नाव ठेवलं नाही. हे मी दादाला बोललो. टाकातली ती त्याची आई. तो म्हणाला, "ती रीत हाय."

बाहेर गाडी थांबली. अण्णा "या, या" म्हणतायत. हा कागद घडी करून कुठंतरी ठेवावा लागेल, पाठवायला पत्ता नाही.

सगळ्यांना मी सांगत आलो की मला लग्नच करायचं नाही. ते खोटं आहे, आई. मला हळद लावून घ्यायची आहे, मुंडावळ्या बांधायच्या आहेत, मावशीनं नाव घ्यायचा हट्ट करायला हवा आहे. फक्त अंतरपाट बाजूला झाला की समोर तो हवा. सुपारी फुटायच्या आत हे अण्णांना सांगायचं ठरवलं आहे. पेढे घेऊन आलेल्या दादानं दोनदा हाक मारली. मी अजून उठलेलो नाही.