मोकळ्या माणसाचा राउंड

२ नोव्हेंबर, संध्याकाळ
काल पुन्हा झोप नाही. कडी लावली का हे बघायला सारखा उठत होतो. लावलेली होती. डॉक्टर म्हणतात, आजोबा, टेन्शन घेऊ नका. मी काय हौसेनं घेतो? जन्मभर गोदामावर वॉचमन होतो. लोकांचा माल राखला. आता रिटायर होऊन स्वतःचा राखतोय. पगार मिळत नाही, एवढाच फरक.
दवाखान्यातून येताना बंद पडलेल्या बँकेच्या पायऱ्यांवर बिनकुलूप झोपलेला दिसला. त्याला घर नाही, दार नाही, म्हणून गल्लीनं ठेवलेलं नाव. भर दुपारी तोंड उघडं टाकून झोपला होता. नाकावर माशी बसली तरी हलला नाही. बराच वेळ बघत उभा राहिलो. हा खरा फ्री माणूस. चोर आला तर नेणार काय? घोरणं?

३ नोव्हेंबर
ठरलं. घरातलं सगळं देऊन टाकायचं. ही मुलीच्या बाळंतपणाला गेली आहे, महिनाअखेरीस येईल. दार उघडताच केवढा आनंद होईल हिला! केर काढताना काही सरकवायला नको. फक्त हिचं स्वेटर विणायचं मशीन ठेवायचं. त्याला हात लावायचा नाही. फायनल.

५ नोव्हेंबर
खाट इस्त्रीवाल्याला दिली. आरसा न्हाव्याला. शेगडी, भांडी आणि कपाट खालच्या नर्सबाईंना. त्या म्हणाल्या, काकूंना विचारलंत का? मी म्हणालो, नवराबायकोत विचारायचं काय असतं? न्हावी म्हणाला, काका, संन्यास घेताय तर दाढी कशाला करून घेता, उगाच माझा हात दमवता. दुकान खदाखदा हसलं. हसोत. हसतील त्यांचे दात दिसतील.
जमिनीवर झोपलो. पाठ धरली. नवीन नवीन होणारच.

७ नोव्हेंबर
इस्त्रीवाल्याकडे सहज गेलो. खाट भिंतीला चिकटवलेली! भिंतीला ओल. पाय कुजतील. म्हणालो, चार बोटं पुढे घे. तो म्हणाला, काका, दिलीत ना एकदा? मी म्हणालो, दिलीच. म्हणून कुजवायची का?
तिथून न्हाव्याकडे. आरशावर साबणाचे शिंतोडे. तिथून नर्सबाईंकडे. कपाटाचं दार त्या ओढून लावतात. ते जरा उचलून लावायचं असतं. करून दाखवलं.
उद्यापासून हे बंद. दिलं ते दिलं.

८ नोव्हेंबर
सकाळचा राउंड: खाट, आरसा, कपाट. संध्याकाळचा राउंड: तेच. नर्सबाईंनी दार अर्धंच उघडलं. म्हणाल्या, कपाट बरं आहे, जेवलंय, झोपलंय.
पूर्वी काळजी एका खोलीत मावायची. आता तिच्यामागे गल्लीभर फिरावं लागतं. डॉक्टर म्हणाले, प्रेशर वाढलंय. त्यांचं यंत्र बिघडलं असेल.

१२ नोव्हेंबर
चूक सापडली. अर्धवट दिलं म्हणून असं होतंय. घरच सोडायला हवं. घरमालकिणीला सांगून टाकलं, महिनाअखेरीस खोली खाली करतो. ती म्हणाली, नीट विचार करा, नाहीतर मी दुसरा भाडेकरू बघेन. म्हणालो, खुशाल बघा. छाती रुंद झाल्यासारखी वाटली. घरी येईपर्यंत.

१५ नोव्हेंबर
मशीन दिलं. इलाज नव्हता. खोलीत एकच वस्तू उरली की सगळी काळजी तिच्याच बोकांडी बसते. मागच्या गल्लीतल्या शिंपिणीला दिलं. तिनं विचारलं, काकूंचं ना हे? त्यांच्या हातचे स्वेटर सगळ्या शाळेच्या अंगावर आहेत. मी म्हणालो, त्यांचाच निरोप आहे. खोटं नाही. निरोप आलाच असता, मी थोडा आधी पोचवला.

१८ नोव्हेंबर
बिनकुलूपचा सल्ला घ्यायला गेलो. आपण आता एका पंथाचे. पायरीवर टेकलो तर खेकसला, उठा, ती माझी जागा. खालच्या पायरीवर बसलो. तीही त्याचीच. गाल सुजला होता, दाढ दुखत होती. सरकारी दवाखाना समोर आहे, पैसा पडत नाही. म्हणालो, जात का नाहीस? तो म्हणाला, मी गेलो आणि इथे दुसऱ्यानं पथारी टाकली तर? तुमचं काय, दार ओढलं की निघालात.
अजून कच्चा आहे बिचारा. पायरीत जीव अडकलाय. मी त्याच्या पुढे जाईन.
तरी वाटेत घरमालकिणीकडे डोकावलो. म्हणालो, खोली सोडायचं थोडं पुढे ढकलू या का? ती म्हणाली, नवा भाडेकरू ठरला, भिंतींना रंग कुठला तेही ठरलं.

२६ नोव्हेंबर
ही आली. पिशवी घेऊन दारातच उभी राहिली. घर चुकलं असं वाटलं असणार. मग आत येऊन मशीनच्या कोपऱ्यात जाऊन थांबली. ओरडेल म्हणून मी उत्तरं पाठ करून ठेवली होती. एकही कामी आलं नाही. कुणाला दिलं, एवढंच विचारलं. खोलीचंही सांगून टाकलं. ती म्हणाली, अहो, एकदा मला विचारायचं होतंत. मग भिंतीला टेकून बसली. चहा करावा तर शेगडी नाही.

२७ नोव्हेंबर
शिंपिणीनं मशीन मुकाट्यानं परत दिलं. हिनं टेम्पो बोलावला. मला वाटलं, घरी आणतेय. म्हणाली, मुलीकडे नेते. ती कधीची बोलावतेय. मशीन कोण हलवणार, तुमच्या जेवणाचं काय, म्हणून अडून राहिले होते. आता मशीन हललंच आहे. आणि तुम्हाला काही लागत नाही, असं सगळी गल्ली सांगतेय.
मी म्हणालो, आणि मी? ती म्हणाली, जावयाची एवढीशी जागा. त्यात बाळ, बाळंतीण. त्यात तुमचा राउंड नको.
रागानं नाही म्हणाली. उलट म्हणाली, तुम्ही एवढं रिकामं केलं नसतं तर माझा पाय निघालाच नसता. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसली, हात केला, हसली. इतकं मोकळं हसताना तिला कधी पाहिलं ते आठवेना.
म्हणजे माझा प्लॅन बरोबरच होता. फक्त लागू दुसऱ्याला पडला.

२८ नोव्हेंबर
मुलीला फोन केला. बाळ रडत होतं, तिला नीट ऐकू येईना. मीही नीट सांगितलं नाही. बाबा, बरे आहात ना, म्हणाली. एकदम झकास, म्हणालो.

३० नोव्हेंबर
खोली सोडली. नवा भाडेकरू तरुण आहे, नुकतं लग्न झालेलं. म्हणाला, काका, तुमचं टपाल आलं तर कुठे पाठवू? मला टपाल येत नाही, म्हणालो. मग ठीक, म्हणाला आणि दार लावून घेतलं. आतून कडी लावली. नीट बसली.
जिना उतरून फाटकापाशी आलो. डावीकडे वळायचं की उजवीकडे, हे ठरवायचं राहूनच गेलं होतं. कठड्यावर बसून हे लिहितोय. भाडेकरू वरच्या खिडकीतून विचारतोय, काका, काही विसरलंय का?
हो म्हणालो. काय, ते सांगता येईना.